फायबरचा दरवाजा

आमच्या भागात फायबर म्हटलं की पाण्याची टाकी, नाहीतर दरवाजा. न्हाणीघराला लाकडी दार बसवलं तर ते ओलीनं कुजतं, म्हणून हल्ली जो तो फायबरचं बसवतो. त्यामुळे मंचरच्या डॉक्टरांनी माझ्या वडिलांना, "आजोबा, रोज फायबर किती खाता?" असं विचारलं, तेव्हा वडिलांनी आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग केबिनच्या दाराकडे आणि मग माझ्याकडे. ते दार फायबरचंच होतं. एरवी मला हसू आवरलं नसतं. त्या दिवशी मात्र भीतीपुढं हसणं सुचलंच नाही.

मी मध्ये पडून सांगितलं, "आबा, चोथा. जेवणात चोथा किती असतो, असं विचारतायत."

"चोथा?" वडील म्हणाले. "चोथा तर आपन थुकतो."

उसाच्या मुलखात चोथ्याचा दुसरा अर्थ कुणाला सुचणार! मी शाळेत विज्ञान शिकवते. पचनसंस्थेच्या धड्यात 'तंतुमय पदार्थ' हा शब्द येतो, त्याच्या खाली मी मुलांकडून रेघ मारून घेते. पण तोच शब्द वडिलांना सांगायची वेळ आली तेव्हा मला थुंकायची वस्तू आठवली. डॉक्टर तरुण होते, आमच्याच तालुक्यातले, समजूतदार. त्यांनी पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं, सोनोग्राफी करून घेतली. त्यात काही सापडलं नाही. मग ते म्हणाले की दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम चोथा पोटात जायला हवा, आजोबांच्या जेवणात तो दिसत नाही. पंधरा दिवस तेवढं करून बघा. फरक नाही पडला तर दुर्बिणीतून आतडं तपासू.

दुर्बीण हा शब्द ऐकला आणि पुढचं मी काही नीट ऐकलंच नाही. बाहेर आल्यावर वडिलांनी मला विचारलं, "तीस ग्रॅम म्हंजी किती भाकरी?" उत्तर येत नसलं की मी चिडते, तशी त्यांच्यावर चिडले.

माझी भीती उगाच नव्हती. माझी आई पोटाच्याच आजारानं गेली. आधी सगळे म्हणाले गॅस आहे, ओवा खा. मग म्हणाले मूळव्याध आहे, गावाकडचं औषध घ्या. पुण्याला दुर्बीण घातली तेव्हा डॉक्टरांनी माझ्या भावाला बाजूला घेतलं आणि मला दाराबाहेर उभं केलं. त्या दारावरची निळी पट्टी मला अजून दिसते. तेव्हापासून घरात कुणी पोटावर हात ठेवला तरी माझं काळीज लटलट करतं. सासरी यावरून माझी थट्टा चालते. नवरा म्हणतो, हिच्यापुढं ढेकर द्यायचीसुद्धा चोरी.

वडील आमच्याकडे आले होते डोळ्यासाठी. आमचं माहेर जुन्नरच्या वरच्या अंगाला. आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती, वडीलही तरुणपणी कळपामागे घाटाखाली उतरलेले. पुढे मेंढरं विकली आणि शेती धरली. आई गेल्यावर ते तिथं एकटेच राहतात. भाऊ चाकणला कंपनीत, त्याची खोली एवढीशी. मोतीबिंदूचं ऑपरेशन मंचरला करायचं ठरलं आणि आमचं निरगुडसर तिथून जवळ, म्हणून महिनाभर माझ्याकडे राहा, असं मीच भांडून ठरवलं. ते तयार नव्हते. लेकीच्या घरी जास्त दिवस राहू नये, असं त्यांचं मत. मी म्हटलं, आबा, तो जमाना गेला.

तो जमाना गेला होता की नाही, ते माझ्या सासूबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. व्याही घरी राहायला आलेत म्हटल्यावर त्यांनी पाहुणचारात काही कमी ठेवलं नाही. आमच्याकडे रोजच्या भाकरीचं पीठ कुणी चाळत नाही, गिरणीतून आलं तसं परातीत घ्यायचं. पण पाहुण्यासाठी चाळायचं. चाळणीत उरलेला कोंडा गाईच्या घमेल्यात जातो. पाहुण्याच्या ताटात कोंड्याची भाकर पडली तर सासूबाईंना आपलीच शोभा झाल्यासारखं वाटतं. त्यात बाजरी तर पाहुण्याला दाखवायचीच नाही. त्याला मऊ चपात्या, बटाट्याची भाजी, वरण, पांढरा भात, सकाळी शिरा. आम्ही सगळे त्याच स्वयंपाकघरात बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी खायचो, कधी हुलग्याच्या पिठाची रस्सेदार शेंगोळी. वडील ओसरीत बसून मैद्यासारख्या पांढऱ्या चपात्या खायचे. एकदा त्यांची नजर सासूबाईंच्या ताटातल्या शेंगोळ्यांवर रेंगाळलेली मी पाहिली होती. पण पाहुणा मागून घेत नाही, आणि सासूबाईंच्या मते हुलगे पाहुण्याला वाढायची गोष्ट नाही.

पहिला आठवडा बरा गेला. वडील पहाटेच उठून फिरायला जायचे आणि उजाडता परत यायचे. एका डोळ्यावर ऑपरेशनची हिरवी पट्टी, हातात काठी. मी ओरडायचे. ते म्हणायचे, पाय मोकळं करून येतो. मग एका सकाळी शेजारच्या मळ्यातली शेळी बिबट्यानं उचलली. आमच्याकडे उसाला लागून घरं, त्यामुळे ही बातमी नवी नाही. पण ठसे आमच्या बांधापर्यंत आलेले होते. नवऱ्यानं त्याच दिवशी फाटकाला कुलूप घातलं आणि सांगितलं, पुरतं उजाडल्याशिवाय कुणी बाहेर पाऊल टाकायचं नाही. वडिलांनी मान हलवली.

त्यानंतर त्यांचं जेवण कमी झालं. आधी भात मागं यायला लागला, मग चपाती. पाणी तर ते चिमणीएवढं प्यायचे. सासूबाईंनी मला हळूच सांगितलं की पावणं पोटाला हात लावून बसत्यात. मी पाहिलं तर लेंग्याची नाडी त्यांनी आणखी आवळून बांधलेली. मला आईची नऊवारी आठवली. तीही शेवटी शेवटी अशीच जास्तीचा खोचा खोचायची.

पोट साफ होतं का, एवढा एक प्रश्न विचारायचा होता. पण तो विचारायचा कुणी? मुलीनं बापाला हे विचारायचं म्हणजे मलाच कसंतरी व्हायचं. नवऱ्याला म्हटलं तुम्ही विचारा, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याला सासऱ्याची दाढी ओढायला सांगितली. शेवटी आम्ही तो प्रश्न डॉक्टरांकडे नेला. तिथं वडील म्हणाले, "व्हय, व्हतंय की." आणि मग ती फायबरची गोष्ट निघाली.

घरी आल्यावर मी कामाला लागले. माझं डोकं असं की भीती वाटली की ते हिशेब मांडायला लागतं. फोनवर वाचून काढलं. पेरूत किती, अंजिरात किती, जवसात किती, एका भाकरीत किती. प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा. भाकरीचा आकार कुणी सांगत नव्हतं. सासूबाईंची भाकरी ताटाएवढी आणि माझी बशीएवढी, मग धरायची कुणाची? स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा मी ओट्यावर कायमचा मांडला. चाळणी माळ्यावर टाकली. सासूबाईंना ते आवडलं नाही. "आपल्या बापाला कोंडा घालती," असं त्या शेजारणीला म्हणाल्याचं मला कळलं. त्यांना वाटत होतं की गावात त्यांचं नाव खराब होईल. मी ओट्स आणले, पेरू चिरले, जवसाची चटणी केली, आणि दोन्ही वेळा इसबगोल सुरू केला.

वडील सगळं निमूट खात. पाहुण्यानं ताटात पडलेलं टाकायचं नसतं. इसबगोलही घ्यायचे. मी पेला भरून पाणी ठेवून शाळेला जायचे. परत आले की पेला तसाच भरलेला. विचारलं की म्हणायचे, पिलं, परत भरून ठिवलं. मीही मानलं. बाप खोटं कशाला बोलेल?

चार दिवसांत त्यांचं पोट नगाऱ्यासारखं तट्ट झालं. आणि एका दुपारी धुणं भिजवताना त्यांच्या लेंग्यावर मला रक्ताचा डाग दिसला.

मी तो लेंगा हातात धरून मोरीत तशीच बसून राहिले. डाग लहान होता. आईच्या लुगड्यावरचाही पहिला डाग लहानच होता. मी तो साबण लावून घासला, आणि तो निघाला तेव्हा मला आणखी भीती वाटली, कारण आता कुणाला दाखवायला माझ्याजवळ काही नव्हतं. मी नवऱ्याला फोन केला आणि नुसतं 'घरी या' म्हटलं. तो कांद्याच्या वावरात होता. तसाच चिखलाच्या पायानं घरी आला.

डॉक्टरांनी आता वाट बघायची नाही असं सांगितलं. पोटाचे मोठे डॉक्टर मंचरला आठवड्यातून एकदा येतात, त्यांची दुर्बिणीसाठी वेळ मिळाली. तपासणीच्या सकाळी एक पावडर भरपूर पाण्यातून प्यायची, म्हणजे जुलाब होऊन आतडं धुऊन निघतं, तरच आतलं दिसतं. नर्सनं वडिलांना नीट समजावलं की बाबा, सारखं जावं लागेल, संडासाच्या जवळच बसा.

वडिलांनी ऐकून घेतलं. घरी आल्यावर त्यांनी पिशवी भरायला घेतली. मी म्हटलं, कुठं निघालात? ते म्हणाले, घरी. तपासणी आपल्याला करायची नाही.

मग मात्र माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. आई अशीच गेली, तुम्हालाही तसंच जायचंय का, मला पुन्हा त्या दाराबाहेर उभं करायचंय का, असलं बरंच. सासूबाई चुलीकडून बघत होत्या. वडील पिशवीची चेन लावत राहिले. ती अडकली होती. मी रडायला लागले तेव्हा त्यांचे हात थांबले.

"न्हाई करायची असं न्हाई," ते खाली बघून म्हणाले. "घरी पितो ती पावडर. तू मला घरी ने. जावयाच्या घरात न्हाई व्हत माझ्याच्यानं."

"काय नाही होत?"

त्यांनी न्हाणीकडे हात केला. आमचा संडास घरातच, न्हाणीघरात आहे, स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मधोमध. नवं घर बांधलं तेव्हा मला त्याचं केवढं कौतुक होतं. तिथं जायचं तर सासूबाईंच्या चुलीसमोरून जावं लागतं, आणि बैठकीत जावई बसलेला असला तर त्याच्यासमोरून. आत नळ सोडला तरी बाहेर ऐकू येतं.

"पहाटं उसाकडं जात व्हतो, तवा बरं व्हतं," ते म्हणाले. "वाघामुळं कुलूप लागलं. मंग म्हनलं, खायाचंच कमी करावं. पानी बी कमी प्यावं. म्हंजी येळच यायची न्हाई."

मी म्हटलं, "आबा, सांगायचं तरी."

"कुनाला सांगू? पावण्याला जेवला का म्हनून सगळी इचारत्यात. परसाकडला झाली का म्हनून कोन इचारतं?"

स्वयंपाकघरातून सासूबाईंच्या बांगड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. त्यांनी ऐकलं होतं.

मी वडिलांना गावी नेलं. त्यांच्या घराचा संडास परसात, गोठ्याच्या पलीकडे, शेवग्याखाली. तिथं त्यांनी ती पावडर मुकाट्यानं, न सांगता सगळी प्यायली. प्रत्येक फेरीला काठी टेकत जायचे आणि येऊन ओट्यावर बसायचे. मी उंबऱ्यात बसून होते आणि मला एकच दिसत होतं, निळी पट्टी असलेलं दार. मग आम्ही मंचरला निघालो. नवरा गाडी चालवत होता. मी त्याला सगळं सांगितलं होतं, रागानं सांगितलं होतं, जसं काही घर त्यानं एकट्यानंच बांधलं होतं.

तपासणी चालली तितका वेळ मी बाकावर बसून पदराचं टोक पिळत होते. दार उघडलं आणि डॉक्टरांनी नवऱ्याला हाक मारली. मला नाही, नवऱ्याला. पण नवरा दारातच थांबला आणि मागं वळून म्हणाला, "तू बी ये." मग मी आत गेले.

आतडं स्वच्छ होतं. गाठ नाही, फोड नाही. बाहेरच्या तोंडाशी कोरड्या, घट्ट मळानं पडलेली भेग होती, रक्त तिचं होतं. डॉक्टरांनी विचारलं, चोथा खायला सांगितला होता ना? मी म्हटलं, खातात की, आणि खायला घातलेल्या सगळ्या गोष्टी घडाघडा सांगितल्या. त्यांनी विचारलं, आणि पाणी? मला तो भरलेला पेला आठवला. ते वडिलांकडे वळले. "आजोबा, जनावराला सुकी पेंड चारता का कधी?"

"न्हाई बा," वडील म्हणाले. "पोट फुगून मरंल."

"मग तुम्ही काय केलंत?"

वडील खाली बघून हसले. मला मात्र हसू आलं नाही. मला हुंदका आला, आणि तो सुटकेचा होता की रागाचा, हे मला आजही सांगता येत नाही. डॉक्टर पुढं सांगत होते की चोथा एकदम वाढवायचा नाही, हळूहळू वाढवायचा, सोबत पाणी हवं, आणि वेळ आली की दाबून धरायची नाही. ग्रॅमच्या मागं फार लागू नका, म्हणाले. पूर्वी खात होते तेच खाऊ द्या.

वडील गावीच राहिले आणि तिथं सुधारले. मी रोज फोन करायचे. पण फोनवरही तो प्रश्न माझ्या तोंडून निघायचा नाही. जेवलात का, पाणी प्यायलात का, एवढंच. बाकीचं मी त्यांच्या आवाजावरून ताडायचे, आणि आवाज जरा बारीक वाटला की पुन्हा दिवसभर जीव टांगणीला.

दुसरा डोळा राहिला होता. त्याची तारीख जवळ आली तसे वडील टाळाटाळ करायला लागले. एका डोळ्यानं दिसतंय की, बास झालं, म्हणाले. मला कारण माहीत होतं, आणि त्यावर काय करायचं ते कळत नव्हतं. अशातच एक दिवस शाळेतून आले तर न्हाणीघराची मागची भिंत फोडलेली. गवंडी आत, विटा बाहेर, आणि नवरा उंबऱ्याचं माप घेत उभा. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, दार. वडील झोपत त्या मागच्या खोलीतून अंगणात उतरायचं, शहाबादी फरशीवरून चार पावलं चालायचं आणि बाहेरूनच आत जायचं. अंगणाला त्यानं उंच जाळी मारून घेतली आणि वर दिवा लावला. चुलीसमोरून जायचं काम नाही, बैठकीतून जायचं काम नाही. एवढं सगळं करताना तो मला एका शब्दानं बोलला नव्हता. मी तिथंच विटांवर बसले.

वडील आले. आल्या आल्या सासूबाईंनी ताट वाढलं आणि मोठ्यानं सांगितलं की पीठ चाळलेलं नाही, घरात खातो तेच आहे, गोड मानून घ्या. ताटात बाजरीची भाकरी होती आणि वाटीभर शेंगोळी. वडिलांनी दोनदा मागून घेतली. मागून घेतली, हे मी मुद्दाम लिहिते.

जेवण झाल्यावर नवऱ्यानं त्यांना मागचं दार दाखवलं. वडिलांनी त्यावर बोटांनी टकटक करून पाहिलं.

"डाक्टर म्हनलं व्हतं, फायबर वाढवा," ते म्हणाले. "जावईबापूंनी लईच वाढिवलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणातून उठले, पण चहाला आधण ठेवलं नाही. ओट्याला टेकून कान देऊन उभी राहिले. आईच्या वेळेपासून ही सवय लागली आहे, कशाची तरी वाट बघत उभं राहायची. सासूबाई पिठात पाणी घालत होत्या, त्यांचाही हात थांबलेला. मागच्या अंगणात काठीचा आवाज झाला. दार लागलं. बराच वेळ काहीच नाही. मग पाण्याचा आवाज, मग कडी, मग परत काठी.

माझ्या तोंडाशी प्रश्न आला आणि तिथंच अडकला. तेवढ्यात सासूबाईंनी खिडकीकडे तोंड करून, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पावणं, झाली का परसाकडला?"

नवऱ्यानं बैठकीत डोक्यावर पांघरूण ओढून घेतलं.

"झाली, विहीणबाई," बाहेरून वडील म्हणाले.

"मंग या. भाकर टाकते."